जी उडाली, तिचं नाव

मोठ्या जावेनं सांगायचं आणि धाकटीनं ऐकायचं, ही रीत खातूंच्या घरात माझ्या आधीपासून होती. मी ती सुरू केली नाही. मला ती फक्त फार आवडली.

मी कल्पना. नवरा प्रताप रुसैलच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. लग्न गुहागरला झालं आणि संसार मस्कतला. मग अकरा वर्षांपूर्वी धाकटा दीर प्रसाद इकडे नोकरीला आला आणि त्याच्याबरोबर त्याची नवी नवरी तेजश्री आली. डोंबिवलीची, सडपातळ, बोलणं कमी. अझैब्यात एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही वर आणि ते खाली. तिची पहिली मंगळागौर मी इथेच केली आणि फुगडीला तिचे हात धरले. घाबरली बिचारी. मी म्हटलं, "आमच्याकडे धाकटीनं हात सोडायचे नसतात. मोठी थांबली की थांबायचं." नाही सोडले तिनं. तेव्हापासून गणपतीला नैवेद्य काय, मुलाला ट्यूशन कुणाची, पडदे कुठल्या रंगाचे, सगळं मी सांगायची आणि ती म्हणायची, "बरं, ताई." भांडण म्हणून नाही आमच्यात. लोकांना नवल वाटायचं आणि मला वाटायचं, हे माझ्या स्वभावाचं यश.

नाचाच्या क्लासलाही तिला मीच नेलं. खरं तर मला सोबत हवी होती. अझैब्यातच एका जिमच्या वरच्या मजल्यावर सुरैया मंगळवारी संध्याकाळी स्विंग शिकवायची. सुरैया ओमानी, पण जन्म झांझिबारचा आणि नाच लंडनला शिकलेली. क्लास फक्त बायकांचा. आता स्विंग म्हणजे जोडीचा नाच, जुन्या अमेरिकी जॅझ बँडच्या तालावरचा. एकानं हातानं खूण करायची, दुसऱ्यानं त्या खुणेवर भिरभिरत लांब जायचं, कधी हवेत उडायचं आणि परत यायचं. खूण करणारा बहुतेक पुरुष असतो. आमच्याकडे पुरुषच नाहीत, म्हटल्यावर निम्म्या बायकांना पुरुष व्हावं लागायचं. सुरैयानं पहिल्या दिवशी माझे खांदे पाहिले आणि म्हणाली, "यू, लीडर." इतक्या झटपट मला कुणीच ओळखलं नव्हतं.

तेजू माझी जोडीदार झाली. मी खूण करायची, ती जायची. घरच्यासारखंच.

क्लास सुरू व्हायच्या आधी सुरैया जमिनीवर मांडी घालून बसायची आणि त्या काळातल्या एखाद्या नाचणारीची गोष्ट सांगायची. तिचं हिंदी मोडकंतोडकं, त्यात इंग्रजी, मध्येच 'यल्ला', म्हणजे 'चला', पण ऐकावंसं वाटायचं. नॉर्मा मिलर नावाची अमेरिकेतल्या हार्लेममधली काळी मुलगी. नाचाच्या मोठ्या हॉलबाहेर फुटपाथवर नाचत होती, बारा वर्षांची. एका नावाजलेल्या नाचणाऱ्यानं ते पाहून तिला आत नेलं. नंतर ती देशोदेशी नाचली आणि नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा तरुण पोरांना दरडावून शिकवत होती. दुसरी जेनी लगॉन. बायका घागरे-झगे घालून टॅप, म्हणजे बुटांच्या ठेक्याचा नाच, करायच्या त्या काळात ही पँट घालून एकटी स्टेजवर उभी राहायची. मोठ्या सिनेकंपनीनं करार केला आणि मोडलाही. मग पडद्यावर तिला मोलकरणीच्या भूमिका करायला लागल्या. शेवटी कॅनडात जाऊन तिनं पोरांना नाच शिकवला.

एकदा सुरैया म्हणाली, "जिसने उछाला, सब को याद है. जो उडी, उस का नाम पूछो तो सब चुप."

मला ते वाक्य इतकं लागलं, की मी घरी जाऊन जेवताना प्रतापला सांगितलं. तो म्हणाला, "खरंय. लोणचं दे जरा." मी लोणचं दिलं, पण दोन दिवस धुसफुसत होते. या बायका आपल्या कुणी लागत नाहीत, ना देश एक, ना भाषा. तरी त्यांची नावं मी भाजी चिरताना घोकायची, आपल्या माहेरच्या कुणाचं कौतुक सांगावं तशी शेजारणींना सांगायची. कुणाला ऐकायचं नसलं तरी.

डिसेंबरात सुरैयानं सांगितलं, की आई आजारी आहे, फेब्रुवारीपासून वर्षभर ती झांझिबारला जाणार. क्लास बंद पडू द्यायचा नाही. आमच्यातल्याच एकीच्या हाती तो सोपवायचा आणि कुणाच्या, ते इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात, आमचा नाच झाला की जाहीर करायचं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तो क्लास हवा होता. इतकी वर्षं या देशात काढली, रेसिडेंट कार्डावर मी नवऱ्याची बायको. पार्टीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "मिस्टर कुठे असतात?" मी काय करते, असं मला मस्कतमध्ये कुणी विचारलेलं आठवत नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हापासून तर घरातली माझी आज्ञा घ्यायला प्रेशर कुकर तेवढा उरला होता. एकदा तरी जिन्यात कुणी अनोळखी बाईनं थांबवून विचारावं, 'कल्पना मॅडमचा क्लास इथेच का?' एवढीच हाव. क्लासमधल्या सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, की मीच. गाणी लावणारी आमच्या कोकणातली नूरबानू, ती तर मला आत्तापासून 'टीचर' म्हणायला लागली होती. मी 'चल, काहीतरीच' म्हणायचे आणि खूश व्हायचे.

तालमी सुरू झाल्या. माझी एकच खोड सुरैयाला सुधारता येत नव्हती. मी हात सोडत नसे. स्विंगमध्ये जोडीदार लांब फेकली गेली की एक हात मोकळा करायचा असतो, नाहीतर ती फिरणार कशी? आणि मी फुगडीवर वाढलेली, फुगडीत हात सोडला तर माणूस भिंतीवर जाऊन आपटतं. "कल्पना, रिलीज! खलास, छोड दो उसको!" सुरैया ओरडायची. मी सोडायची, पण नंतर. तेजू एकदा हळूच म्हणाली, "ताई, तिसऱ्या फेरीला हात थोडा आधी सोडलात ना, तर मला..."

"तू फक्त मी नेते तिकडे ये," मी म्हटलं.

"बरं, ताई."

मंडळाच्या कार्यक्रमांचं सगळं सोनल बघते. तिनं आमची तालीम पाहिली आणि नाक मुरडलं. "कल्पनाताई, हळदीकुंकू आहे हो. हे कॅबरे वगैरे नाही ना वाटणार? आणि पँट?" मी तिला नॉर्मा मिलरपासून सुरुवात करून जे ऐकवलं, ते तिच्या जन्मभर लक्षात राहील. शेवटी ती म्हणाली, "बरं बरं, काळीच आहे ना पँट? संक्रांतीला काळं चालतं." असं करून जेनीबाईंची पँट आमच्या हळदीकुंकवात बसली.

त्या दिवशी हॉल काळ्या साड्यांनी भरला होता. दारात हलव्याचे दागिने घातलेलं कुणाचं तरी बाळ, अत्तर, तिळगुळाचं ताट. पुरुष सगळे खाली पार्किंगमध्ये चहा पीत. सुरैयानं कुंकू लावून घेतलं आणि वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा उघडून आत काही आहे का बघितलं. मग कार्यक्रम सुरू झाला. आमच्या क्लासमधल्या एकेकीनं पुढे येऊन त्या काळातल्या एकेकीची गोष्ट सांगितली. मी जेनी लगॉन सांगितली, पँटच्या खिशात हात घालून. तेजूनं नॉर्मा मिलर सांगितली. आवाज बारीक होता, पण 'ती बाहेर फुटपाथवर नाचत होती' या वाक्याला हॉलमधली कुजबुज थांबली. मग आमच्या दोघींचा नाच.

पहिलं निम्मं झकास झालं. बँडची तुतारी वाजत होती, पाय हलके पडत होते, मी खूण करत होते आणि तेजू जात-येत होती. आणि मग मी पहिल्या रांगेतल्या सुरैयाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत मान डोलवत होती. मला वाटलं, झालं, ठरलं. जाहीर झाल्यावर काय बोलायचं तेही मनात आलं. आणि तेवढ्यात पुढची खूण कुठली, ते डोक्यातून साफ गेलं.

असं रिकामं डोकं मी कधी अनुभवलं नव्हतं. गाणं पळत होतं आणि मी खांबासारखी उभी. माणूस बुडायला लागलं की हाताला लागेल ते धरतं. मी तेजूचे दोन्ही हात धरले, तिढा घातला, पाय जुळवले आणि मागे झुकून चक्क फुगडी घालायला लागले. अमेरिकन जॅझवर. काळ्या पँटमध्ये. माझं वजन काय आहे ते मी सांगत नाही, पण तेजूचे पाय जमिनीवरून सुटायच्या बेतात होते.

तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिला कळलं, की ताई हरवल्यात.

मग तिनं जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण मी त्यात होते आणि तरी ते माझं नव्हतं. ती गुडघ्यात वाकून खाली गेली, माझ्याच वेगावर स्वार झाली, आणि बरोबर ठेक्यावर एक हात माझ्या मुठीतून काढून घेतला. ओढून नाही, सफाईनं. आणि ती गेली. दुसरा हात न सोडता मला ओढत स्टेजच्या पार टोकापर्यंत गेली, आणि तिथे हातभर अंतरावर कमरेपासून पावलं वळवत ती चाल करायला लागली, जी मुळात बायकांनीच या नाचात आणली असं सुरैया सांगायची. समोरच्या बायकांना फुगडी ओळखीची. त्यांनी तोंडानं पकवा धरला, पक् पक् पक् पक्, थेट बँडच्या ठेक्यावर. तेजू त्या पकव्यावर नाचली. मग परत जवळ आली, माझा तळवा दाबला, म्हणजे थांबा. बोट वळवलं, म्हणजे गिरकी घ्या. मनगट उचललं, म्हणजे हात वर. एका हातानं तिनं मला शेवटपर्यंत नेलं. आणि बँड थांबला तेव्हा आम्ही दोघी जिथे असायला हवं होतं तिथेच होतो.

समोरून काय दिसलं असेल? एक दांडगी बाई एका किडकिडीत बाईला स्टेजभर फेकते आहे. बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

खाली उतरले तर मला गराडा. "कल्पनाताई, काय आयडिया हो! फुगडी आणि जॅझ!" "कुणाला सुचलं असतं?" सोनल तर म्हणाली, "मी आधीपासून म्हणत होते, यात आपलं काहीतरी हवं." आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "सुचलं आपलं." उचलली जीभ लावली टाळ्याला.

तेजू बाजूला पाणी पीत होती. एक जण तिला जाता जाता म्हणाली, "तुम्हीही छान साथ दिलीत हं." तिनं हसून मान हलवली. माझं 'सुचलं आपलं' तिनं ऐकलं होतं. रागावली असती तर मी निभावून नेलं असतं, रागाला मी घाबरत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर 'बरं, ताई' होतं. तेच, पडदे कुठल्या रंगाचे ते मी सांगताना असायचं ते.

तेवढ्यात सुरैयानं माइक घेतला. "मेरा क्लास उस को दूँगी जो नया बना सके. कल्पना, तुम ने आज मेरा रुटीन तोड दिया. अँड इट वॉज बेटर! यल्ला, इधर आओ."

टाळ्यांमध्ये मी वर गेले. माइक हातात आला. मला हवं होतं ते सगळं समोर होतं, नूरबानू शिट्टी मारत होती, आणि बोलायचं पाठ होतं. मागच्या बाजूला तेजू टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात. माझ्या पकडीनं तिची मनगटं अजून लाल दिसत होती.

मनात म्हटलं, कल्पे, आत्ताच या स्टेजवर तू खिशात हात घालून दुसऱ्यांच्या हक्काचं बोललीस ना? पँट जेनीबाईंची आणि करणी कुणाची? आयत्या बिळावर नागोबा व्हायला तुला लाज नाही वाटत?

"सुरैया," मी म्हटलं, "फुगडी मेरी गलती थी. मैं स्टेप भूल गई."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. त्यांना विनोद वाटला.

"खरंच विसरले," मी मराठीत म्हटलं. "नुसती उभी राहिले होते. पुढचं सगळं हिनं केलं. मला एका हातानं ओढत नेलं आणि तुम्हाला वाटलं मी तिला फेकते आहे." मी माइक तोंडाजवळ धरला. "हळदीकुंकवात नाव घ्यायची पद्धत आहे. आजवर प्रतापचं घेत आले. आज माझ्या जावेचं घेते."

उखाणे मला पाठ करावे लागत नाहीत, जीभ तयारच असते.

"ताल सुटला माझा, तिनं सोडला नाही हात,
तेजश्रीचं नाव घेते, संक्रांतीच्या हळदीकुंकवात."

बायकांनी जो गलका केला तो खाली पार्किंगमध्ये ऐकू गेला असं प्रसाद नंतर म्हणाला. सुरैयाला नूरबानूनं भरभर अर्थ सांगितला. सुरैयानं माझ्याकडे पाहिलं, मग मागे तेजूकडे, आणि तिला वर बोलावलं.

"तेजश्री, तुम को चाहिए क्लास?"

मी तोंड उघडलं. तिच्या वतीनं उत्तर द्यायची इतक्या वर्षांची सवय. 'हो, हो, घेईल ती' एवढं ओठांपर्यंत आलं होतं. मी तोंड मिटलं. मिटून ठेवणं मला त्या सबंध नाचापेक्षा जड गेलं.

तेजूनं माझ्याकडे पाहिलंच नाही. सुरैयाकडे पाहून म्हणाली, "हां, चाहिए. जिस दिन आप ने बताया, उसी दिन से चाहिए."

त्याच दिवसापासून! आणि मी रोज तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्याच हातचा चहा पीत, माझा क्लास मी कसा चालवणार ते तिला सांगत होते. ती म्हणत होती, बरं, ताई.

घरी जाताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. दोघे भाऊ पुढे. तिनं बसल्या बसल्या मनगटं चोळली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत. पण मला आधी कधी विचारलंही नव्हतंत."

"नव्हतं विचारलं," मी म्हटलं.

"तिसऱ्या फेरीबद्दल तर तुम्ही मला वाक्यसुद्धा पूर्ण करू दिलं नव्हतंत."

"नव्हतं," मी म्हटलं. प्रतापनं आरशातून मागे पाहिलं. मला सलग दोनदा कबूल होताना त्यानं लग्नानंतर ऐकलं नसावं.

फेब्रुवारीत सुरैया गेली आणि पहिला मंगळवार आला. जिमच्या वरचा हॉल भरला होता. हळदीकुंकवातल्या फुगडीची बातमी पसरल्यामुळे नव्या बायका आल्या होत्या, सोनलसुद्धा आली होती, पायात चकचकीत बूट. तेजू पुढे उभी राहिली. "चला, सुरू करू या," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाली. बायका आपल्या बोलतच होत्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही बोलत होते. शेजारच्या नव्या बाईला जेनी लगॉनची पँट समजावून देत होते. तेजूचा आवाज बुडताना पाहून मात्र माझं डोकं तापलं. आता एक हाक मारते आणि सगळ्यांना गप्प करते, म्हणून मी पदर खोचल्यासारखी कुर्त्याची बाही वर केली.

तेवढ्यात तिनं टाळी वाजवली. एकच, कडक. भिंतीवरून परत आली.

"ताई," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी तुमचं बोलणं बंद."

हॉल चिडीचूप झाला. सोनलनं माझ्याकडे पाहिलं, नूरबानूनं पाहिलं, आता काय होतंय म्हणून सगळ्याच बघत राहिल्या. खातूंच्या घरात मोठ्या जावेला असं कुणी बोललेलं नाही. मी बाही खाली केली आणि रांगेत सरळ उभी राहिले. माझी छाती अभिमानानं अशी भरून आली होती, की मला बोलायचं असतं तरी बोलता आलं नसतं.